वाणाच्या किटल्या

मामी माझ्या ऑफिसात आली ती पोतं घेऊनच. चांगलं टम्म फुगलेलं पोतं, तोंड सुतळीने आवळलेलं. रिक्षावाल्याने ते जिना चढवून आणलं होतं आणि तो दारात धापा टाकत उभा होता. मामीने त्याला पैसे दिले, पाणी प्यायला लावलं, मग माझ्या टेबलावरच्या फायली स्वतःच बाजूला सरकवल्या आणि पोतं उपडं केलं.

आतून निघाल्या किटल्या. विजेवर चालणाऱ्या, स्टीलच्या, काळ्या मुठीच्या. दोन-तीन गडगडत खाली गेल्या. एका किटलीची मूठ चिंधीने बांधलेली, दुसरीची तारेने, तिसरीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. एकीला मूठच नव्हती. एकीत अजून तांदूळ होते, ते माझ्या वकीलपत्रांवर सांडले.

"या निम्म्याच आहेत," मामी म्हणाली. "रेवे, केस कर."

मी विचारलं, कुणावर?

"ज्यांनी केल्या त्यांच्यावर. ज्याने विकल्या त्याच्यावर. माझ्यावर करता येत असेल तर माझ्यावरही कर."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा साताऱ्यात नुकती वकिली सुरू केली होती आणि माझ्याकडे अशिलांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. मामा कऱ्हाडकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. मामी, प्रभावती तिचं नाव, पण कारखान्याच्या कॉलनीत तिला सगळे केमिस्टबाई म्हणत. बाई तोंडाने फटकळ. कुणी अमावास्येला प्रवास टाळला, कुणी मांजर आडवं गेलं म्हणून थांबलं की ही त्यांची बिनपाण्याने करायची. मामाच्या प्रयोगशाळेपेक्षा जास्त विज्ञान तिच्या ओट्यावर चालतं, असं मामाच म्हणायचा.

पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाची हौस मात्र तिला भारी. त्यात तिला विज्ञान आड येत नसे. त्या वर्षी मामा चीफ केमिस्ट झाला होता. दरवर्षीच्या प्लास्टिकच्या डब्या आणि गाळण्या तिला एकदम हलक्या वाटायला लागल्या. वर्षभर भिशी लावून तिने कऱ्हाडच्या एका दुकानातून पन्नासच्या वर किटल्या एकगठ्ठा घेतल्या. कंपनीचं नाव मी सांगत नाही. आता ती आहे की नाही कुणास ठाऊक. ऑफिसरच्या बायकोपासून बॉयलरवरच्या कामगाराच्या बायकोपर्यंत कॉलनीतल्या प्रत्येक सवाष्णीला तिने हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि विजेची किटली वाण दिली. कॉलनी थक्क झाली. मामीला महिनाभर तरी जमिनीवरून चालायचं कारण नव्हतं.

महिना कसला, आठवडाही गेला नाही. रथसप्तमीच्या सुमारास मामाला हृदयविकाराचा मोठा झटका आला. पुण्याला हलवला. डॉक्टरांनी हात टेकले होते. मामी त्या दवाखान्याच्या बाकावर दिवस काढत होती. शेवटी मामा वाचला, घरी आला, पण जपून पाऊल टाकणारा, बारीक आवाजात बोलणारा वेगळाच माणूस होऊन आला.

उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा मामीने एक उरलेली किटली मला दिली. मी लग्न न झालेली, म्हणजे वाणाचा मान काही माझा नव्हता. खोलीवर चहाला होईल म्हणून दिली एवढंच. साताऱ्याला येऊन मी ती लावली, पाणी उकळलं, मूठ धरून उचलली आणि किटली खाली, मूठ माझ्या हातात. पायावर पाणी पडता पडता राहिलं. मी तडक मामीला फोन केला आणि म्हणाले, तुझी किटली भिकार निघाली.

 तिने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती कॉलनीत फिरली. शेजारच्या कारंडे वहिनी म्हणाल्या, "छान चाललीय हो किटली, रोज वापरते." मामी म्हणाली, दाखवा. वहिनींचा चेहरा पडला. माळ्यावरून किटली काढली तर मूठ चिंधीने बांधलेली. पुढच्या घरात तेच. त्याच्या पुढच्या घरात किटलीत तांदूळ. चार महिने मामी ज्यांच्या घरी गेली त्या बायकांनी तिला 'तुमच्याच किटलीतला हं' म्हणून चहा पाजला होता, आणि आत गॅसवर आधण ठेवलं होतं. वाणाला नाव कसं ठेवायचं? आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपल्याच वाट्याला तेवढी खराब आली. त्यामुळे एकीने दुसरीलाही सांगितलं नव्हतं.

हे सगळं तिने माझ्या ऑफिसात, त्या किटल्यांच्या ढिगासमोर सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना. पण मामी हसत नव्हती.

"छबूचा हात," ती म्हणाली. "मला वाटतंय तो गॅसने नाही जळला."

छबू मदने. तिचा नवरा बबन बॉयलरवर होता. मामा पुण्याच्या दवाखान्यात असतानाच तिचा उजवा हात भाजला होता. दूध उतू गेलं, असं ती म्हणाली होती. मामी मामाला घेऊन परत आल्यावर तिला भेटायला गेली, मलम घेऊन गेली, आणि आपल्या स्वभावाप्रमाणे तिला बोललीही, की स्वयंपाक करताना लक्ष कुठे असतं तुझं. छबूने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

मी मामीबरोबर छबूकडे गेले. कॉलनीच्या मागच्या चाळीतलं दोन खोल्यांचं घर. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर चादर टाकलेली. साऱ्या कॉलनीची पोलकी ही बाई शिवायची. आता तिच्या उजव्या हाताची बोटं तळव्याकडे वळून तशीच आखडली होती. कातडी ओढली गेली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऑपरेशन केलं तर बोटं उघडतील, पण लवकर करा, उशीर झाला तर हात तसाच राहील. बबनच्या पगारात ते बसणारं नव्हतं. मी हे सगळं विचारून घेतलं आणि मग विचारलं, किटली कुठाय?

"भावजयीला दिली," छबू म्हणाली.

"हात कशाने भाजला?"

"दुधानं. गॅसवर हुतं."

"छबू, माझ्याकडे बघ," मामी म्हणाली. "किटलीने भाजला असेल तर कंपनीकडून तुझं ऑपरेशन करून घेता येईल. मी मनाचं सांगत नाही, ही वकील सांगतेय."

छबूने मामीकडे नीट पाहिलं. "दुधानं भाजला, बाई," ती म्हणाली, आणि मग तिने एकदम विचारलं, "साहेब बरं हायत न्हवं? जेवत्यात का?"

कुठेतरी पाणी मुरत होतं. पण कुठे ते आम्हा दोघींना कळेना.

साताऱ्याच्या ग्राहक मंचात मी केस दाखल केली. तेव्हाच्या कायद्यात सोय होती: एकाच वस्तूबद्दल सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक असतील, तर त्यांच्यातर्फे एकाने मंचाच्या परवानगीने तक्रार करायची आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची. तक्रारदार म्हणून मामीचं नाव. नोटीस छापून आली तेव्हा आणखी दोन तालुक्यांतून माणसं किटल्या घेऊन आली. एक शाळामास्तर तर मूठ खिशात घेऊन आले होते. माझ्या ऑफिसातल्या खुर्च्या पहिल्यांदा कमी पडल्या.

कंपनीतर्फे पुण्याचे बोडस वकील उभे राहिले. सभ्य माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी उत्तर दिलं ते नीटच होतं. या बायकांनी काही विकत घेतलेलं नाही, त्यांना वस्तू फुकट मिळाली, त्या ग्राहकच नाहीत. त्याला माझ्याकडे उत्तर होतं. विकत घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो तोही कायद्याने ग्राहकच. पण पुढचं कठीण होतं. इतक्या किटल्या, इतके महिने, एकीचीही तक्रार नाही. दुकानात नाही, कंपनीकडे नाही, खुद्द देणारीकडेही नाही. मग दोष होता कधी? आणि कुणाला इजा झाली म्हणता, तर एक तरी नाव दाखवा.

मग कंपनीने हात पुढे केला. सगळ्यांना नव्या, सुधारलेल्या किटल्या देतो, इजेचा विषय सोडा, प्रकरण मिटवा.

मामीच्या ओसरीत बायका जमल्या. बहुतेकींना वाटत होतं, मिटवावं. कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या कल्पनेनेच निम्म्या घाबरल्या होत्या. मामा खुर्चीत शाल गुंडाळून बसला होता. तो म्हणाला, "प्रभा, पुरावा नाही. प्रयोगशाळेत असतो तर मीही हेच म्हटलं असतं."

"छबूच्या हातावर पाय देऊन मी नवी किटली घेणार नाही," मामी म्हणाली.

"पण ती स्वतःच म्हणते ना, दुधाने भाजलं," कारंडे वहिनी हळूच म्हणाल्या.

 तरी तिने सही केली नाही. बायका कुरकुरत उठल्या. मलाही तिचा राग आला होता, हे सांगितलं पाहिजे, कारण हातची गोष्ट घालवायला ती निघाली होती आणि मी तिला तसं तोंडावर बोललेही. ती म्हणाली, "तू वकील आहेस. ती किटली मी तिच्या हातात दिलीय." त्यानंतर ती महिनाभर माझ्याशी केसशिवाय दुसरं बोलली नाही.

छबू रोज संध्याकाळी मामीच्या फाटकाशी यायची. आत यायची नाही. फाटकातूनच विचारायची, साहेब बरं हायत का, आणि मामा खुर्चीतून हात वर करायचा. मग ती जायची. मामीला वाटायचं, एक दिवस ही बोलेल. ती बोलली नाही.

दिवाळी झाली. मामाने फराळाचं ताट मागून घेतलं, पथ्य मोडून दोन करंज्या खाल्ल्या, मामीच्या शिव्या खाल्ल्या. त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी झोपला तो उठलाच नाही.

दिवस होईपर्यंत छबू मामीच्या घरात होती. एका हाताने भांडी घासत होती, केर काढत होती. मामी कुणाशीच बोलत नव्हती, तरी छबू तिच्याशेजारी जाऊन बसत होती. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छबू कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन आली. मी तिथेच होते. तिने मामीसमोर जमिनीवर ते उघडलं. किटली होती. मूठ वेगळी, किटली वेगळी, आणि मुठीच्या खाचेत फाटलेल्या कापडाचा तुकडा अजून चिकटलेला.

"बाई, केसमदी माझं नाव घाला," ती म्हणाली.

मामीला वाटलं, आपली दया येऊन ही आलीय, नवरा गेला, निदान केस तरी जिंकू दे म्हणून. मलाही तेच वाटलं. नुसतीच दया असती तर मी ती साक्ष घेतली नसती, पण किटली खरी होती.

सुनावणीला कॉलनीतल्या बायका एसटीने साताऱ्याला आल्या आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या. मंचावर अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यांतल्या एक बाई. छबूचं प्रतिज्ञापत्र मी दिलंच होतं, पण बोडसांनी तिला समोर विचारायची परवानगी मागितली होती आणि ती मिळाली होती. त्यांच्या हातात दवाखान्याचा कागद होता. त्यावर छबूने तेव्हा सांगितलेलं लिहिलेलं होतं, दूध उतू जाऊन गॅसवर भाजलं.

"हे तुम्हीच सांगितलंत ना?" बोडसांनी विचारलं.

"व्हय."

"आणि आज म्हणता किटलीने भाजलं. मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आज?"

"तवा."

"का?"

 छबूने आखडलेला हात पदराखाली घेतला. अध्यक्षांनी सांगितलं, घाबरू नका, जे असेल ते सांगा. तिने मामीकडे एकदा पाहिलं आणि मग समोरच्या सदस्यबाईंकडे बघून ती बोलली.

"बाई, केमिस्टसाहेब तवा पुण्याला काचंच्या खोलीत हुते. नळ्या लावल्या हुत्या. आज जातील का उद्या, असं समदी म्हनत हुती. आन् त्यांच्या बाईंनी सवाष्न म्हनून मला दिल्यालं वाण माझ्या हातात मोडलं. ते म्या कुठल्या तोंडानं सांगू? सवाष्नीचं वाण मोडलं असं त्या टायमाला कुनी बोलतं का?"

सदस्यबाई लिहीत होत्या, त्यांनी लेखणी खाली ठेवली.

बोडसांना तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण वकिलाला शेवटचा प्रश्न सुटत नाही. त्यांनी विचारलं, "मग आता कसं सांगता?"

"आता साहेबच न्हाईत," छबू म्हणाली. "आता माझ्या बोलन्यानं बाईंचं काय जायाचं ऱ्हायलंय?"

 मग मागच्या बाकावरून कारंडे वहिनी उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "साहेब," त्या म्हणाल्या, "आमच्यातल्या पुष्कळजणींचं तेच होतं. लाज होतीच, पण ते जास्त होतं." अध्यक्षांनी त्यांना बसायला सांगितलं, पण रागावले नाहीत. बोडसांनी कागद फाईलमध्ये ठेवला आणि आपलं झालं म्हणून सांगितलं. एकमेकींना न विचारता, न सांगता, पन्नास घरांतल्या बायकांनी माझ्या मामाच्या जिवासाठी तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि मी आपली कायद्याच्या पुस्तकात सारखी तक्रार शोधत बसले होते.

निकाल आमच्या बाजूने लागला, हे आताच सांगून टाकते. कंपनीला सगळ्या किटल्या परत घ्याव्या लागल्या आणि छबूच्या हाताचा खर्च द्यावा लागला. मिरजेला ऑपरेशन झालं. तीन बोटं उघडली, करंगळी नाही. मशीनवरची चादर निघाली आणि कॉलनीची पोलकी पुन्हा तिच्याकडे यायला लागली.

पण मला आठवतो तो सुनावणीच्या दिवशीचा स्टँड. बायका उसाचा रस प्यायला गेल्या होत्या. बाकावर मामी आणि छबू बसल्या होत्या, मी शेजारी फाईल घेऊन उभी.  मामी म्हणाली, "मी तुला बोलले होते गं. लक्ष कुठे असतं म्हणाले होते. तू ऐकून कशी घेतलीस?"

"तुमी काय माझ्यावर रागावला हुता व्हय? तुमचा जीव टांगनीला हुता."

"आणि नंतर? हे घरी आले, बरे झाले. तेव्हा तरी सांगायचंस. लवकर ऑपरेशन झालं असतं. हात गेला असता तुझा, छबू."

"तवा तर आनिकच भ्या वाटत हुतं," छबू म्हणाली. तिच्या बोलण्यात उपकार नव्हता, साधा हिशोब सांगावा तसं ती सांगत होती. "डॉक्टर म्हनले हुते, हप्ता काढला तर देवाची किरपा. साहेबांनी उन्हाळा काढला, गनपती काढलं, दिवाळीच्या करंज्या खाल्ल्या. रोज फाटकातनं बघून जायाची मी. हात केला की घरला जायाची. म्या मदीच तोंड उघडलं असतं, तर साहेब ऱ्हायलं असतं का, बाई?"

मामाला कुठल्या गोळ्यांनी, कुठल्या डॉक्टरांनी आणि मामीच्या कुठल्या पथ्याने जगवलं होतं, ते मला माहीत होतं. मामीला तर गोळ्यांची नावं पाठ होती. माझ्या तोंडाशी ते आलंही होतं.

मामीने छबूचा हात पदराखालून बाहेर काढला आणि आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"नसते राहिले," ती म्हणाली. "तू होतीस म्हणून मला ते दिवाळीपर्यंत मिळाले."